ताई, तो रस्ता तुम्ही माझ्यासाठी चाललात

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, एवढं तुमच्याशी बोलून कळलंय. पण पत्र मात्र चारचौघांत लिहितेय. तुमच्याआधी आम्ही ज्यांच्या ज्यांच्या पायऱ्या चढलो, त्यांच्याही ते वाचनात यावं अशी माझी फार इच्छा आहे.

शुक्रवारी मी हैदराबादच्या कंपनीला होकार कळवला. नोकरी कशी निघेल, साहेब कसे असतील, मला तिकडं करमेल की नाही, यातलं अजून काहीच ठाऊक नाही. म्हणून तर आभार आत्ताच मानतेय. सगळं नीट झाल्यावर मानले तर ते नोकरीचे आभार होतील, आणि मला तुमचे मानायचेत. उद्या सहा महिन्यांत बोचकं बांधून परत आले, तरी या पत्रातला एक शब्द मागं घेणार नाही.

वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. मी सोलापूरची. बाबा यंत्रमागावर टॉवेल विणतात, आई घरून कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या एका औषध कंपनीत, क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये, मला जागा मिळत होती. आपल्याकडं चिंचोळीच्या एमआयडीसीत औषधांना लागणारी रसायनं बनतात, पण जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर. हैदराबादचं तसं नाही. १९६०च्या दशकात तिथं आयडीपीएल हा सरकारी औषध कारखाना उभा राहिला. तिथं हात बसलेली माणसं बाहेर पडली, त्यांनी आपापल्या कंपन्या काढल्या, आणि आज पटनचेरू, बोल्लारम, जिडीमेटला या भागांत औषधांचे कारखानेच कारखाने आहेत. माझ्या विषयाला काम आहे ते तिथं. गणित एवढं साधं होतं.

घरात मात्र ते साधं राहिलं नाही. "पुण्याला जा की, कोण नको म्हणतंय? पण परराज्य कशाला?" काका, आत्या, आत्याचे व्याही, सगळ्यांचं हेच. सोलापुराहून पुणं अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. वरचे पन्नास किलोमीटर कुणाला जड जात नव्हते. जड जात होत्या त्या पाट्या, उमरग्याच्या पुढं लागणारी कर्नाटकची आणि झहीराबादच्या अलीकडं लागणारी तेलंगणाची.

आमच्या पणजीचं माहेर नळदुर्गजवळचं, याच रस्त्यावरचं. ती लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा नळदुर्ग निजामाच्या राज्यात होतं आणि सोलापूर इंग्रजांच्या. १९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ला तो भाग मुंबई राज्याला जोडला, १९६०ला महाराष्ट्र झाला. पणजीचं माहेर जागचं हललं नाही, हद्दी हलल्या. ती बाई सून म्हणून दुसऱ्या राज्यातून आली, ते चाललं. पणतीनं पगारासाठी त्याच रस्त्यानं उलट्या दिशेनं जायचं म्हटलं, की घरात बैठक बसते. हे मला लागलं, आणि अजून लागतंय.

तरी घरच्यांवर माझा राग नाही, त्यांच्या पोटात काळजी होती. राग आहे तो वाट दाखवणं हेच ज्यांचं काम होतं त्यांच्यावर. एका प्लेसमेंट एजन्सीनं नोंदणीचे पैसे घेतले. राहायचं कुठं, कंपनीची बस कुठपर्यंत येते, काहीही विचारलं की एकच उत्तर: "हैदराबाद एकदम सेफ. डोळे झाकून जा." वर मूळ गुणपत्रिका जमा करायला सांगितल्या. ज्या सरांकडं मी मोठ्या विश्वासानं गेले, ते मोबाइलवरची मान वर न करता म्हणाले, "मिळतेय तर घ्या. नाहीतर लग्न आहेच." डॉ. कोटणीसांवर दरवर्षी भाषण करणारे हेच सर. सोलापूरचा एक मुलगा १९३८ साली चीनला गेला, याचा त्यांना केवढा अभिमान. समोर उभ्या असलेल्या मुलीला तीनशे किलोमीटरवर जायचंय, तिच्याशी दोन वाक्यं बोलायला मात्र त्यांना सवड नव्हती.

मत सगळ्यांकडं होतं. माहिती कुणाकडंच नव्हती, आणि ती काढून आणायची तसदी कुणाला घ्यायची नव्हती.

तुमचा नंबर दिला तो आमच्या कॉलेजच्या लॅबमधल्या मामांनी. दिवसभर काचेची भांडी विसळणारा, ॲसिडच्या बाटल्या उचलणारा माणूस. कोणती मुलगी शिकून कुठं गेली, तिचं कसं चाललंय, हे सगळं त्यांच्या लक्षात असतं. चिठ्ठीवर नंबर लिहून देताना म्हणाले, "ही पोरगी सांगेल बघ सरळ." मामांचेही आभार इथंच मानते. त्यांनी ती चिठ्ठी दिली नसती, तर मी अजून त्या एजन्सीच्या बाकावर बसलेली असते.

तुम्ही मला ओळखत नव्हता. कॉलेजात माझ्या तीन वर्षं पुढं, आता हैदराबादलाच नोकरीला. आपण एकदाही समोरासमोर आलेलो नाही. मी फोनवर एका दमात सगळं सांगितलं, पगार, बाबा, पाट्या, सर, आणि शेवटी विचारलं, "ताई, जाऊ का?" तुम्ही थोडं थांबून म्हणालात, "मी जा म्हणणार नाही, आणि नको जाऊ पण म्हणणार नाही. तुला काय काय माहीत नाही ते लिहून पाठव. जमेल तेवढं बघून सांगते की."

इतक्या दिवसांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी रडले, ते याच वाक्यामुळं.

मी यादी पाठवली आणि तुम्ही एकेक उत्तर देत गेलात. मूळ कागद कुणाच्याही हातात सोडायचे नाहीत, हे पहिलं. निघायच्या आधी सेतूतून अधिवासाचा दाखला काढून ठेव, पुढं कधी महाराष्ट्रात सरकारी जागेचा अर्ज केलास तर शोधाशोध नको. आपल्या जातीच्या दाखल्यावर तेलंगणा सरकारच्या नोकरीत आरक्षण मिळणार नाही, तशी आशा धरून येऊ नकोस. ऑफर लेटरमधला वरचा आकडा बघून हुरळू नकोस, कंपनीनं भरायचा पीएफही त्यातच धरलेला असतो. महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बायकांना व्यवसाय कर नाही. इकडं पगार २०,००० च्या वर गेला की बाई असो की बाप्या, महिन्याला २०० रुपये कापले जातात. हॉस्टेलात तिन्ही त्रिकाळ भात, पण ज्वारीची गरम भाकरी गाड्यावर मिळते.

हे सगळं कामाचंच होतं. पण एवढ्यासाठी मी हे पत्र लिहिलं नसतं.

यादीत सगळ्यात शेवटी, लिहू की नको असं करत लिहिलेला एक प्रश्न होता. कंपनीची बस हायवेला सोडते, तिथून हॉस्टेलपर्यंतचा रस्ता रात्री कसा असतो?

"बरा आहे, काळजी करू नकोस," एवढं तुम्ही लिहिलं असतं तरी मी ते खरं मानलं असतं. तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास एक व्हिडिओ आला.

तुमचं घर त्या बाजूला नाही, हे मला नंतर कळलं. दिवसभर लॅबमध्ये उभं राहून झाल्यावर, घरी जायचं सोडून, तुम्ही त्या स्टॉपवर गेलात. बस मला जिथं उतरवणार तिथं, आणि मी ज्या वेळेला उतरणार बरोबर त्या वेळेला. मोबाइल छातीशी धरून तुम्ही चालायला लागलात.

व्हिडिओत तुम्ही कुठं दिसत नाही. चपलांचा आवाज येतो, मध्येच तुमचं बोलणं. "हा मेडिकल. दहापर्यंत उघडा असतो, विचारून घेतलं." "हे टिफिन सेंटर. आत बाया बसल्यात, दिसतंय का?" "हे दारूचं दुकान. शनिवारी गर्दी होत असणार. इथं रस्ता ओलांडायचा आणि पलीकडून चालायचं." मग एक वळण येतं आणि पडदा काळा होतो. मला वाटलं, संपला व्हिडिओ. तेवढ्यात तुमचा आवाज आला, "इथं दोन खांबांवर दिवे नाहीत. नीट बघ."

आणि तुम्ही थांबलात. त्या अंधारात उभ्या राहिलात. एका बाजूला मोकळा प्लॉट, त्यात झुडपं. लांब कुठंतरी कुत्रं भुंकतंय. मागून एक मोटारसायकल येते, तिचा उजेड कंपाउंडच्या भिंतीवरून सरकत जातो, तुमचा श्वास ऐकू येतो, गाडी निघून जाते. मग तुम्ही म्हणता, "एवढाच पट्टा आहे. शंभरेक पावलं. पुढं परत दुकानं लागतात." आणि चालू लागता, ते थेट हॉस्टेलच्या गेटपर्यंत.

ताई, तो पट्टा तुम्हाला झपाझप ओलांडता आला असता. तेवढ्यापुरता मोबाइल खाली घेता आला असता. रविवारी दिवसाउजेडी जाऊन व्हिडिओ काढला असतात, तरी मी तुम्हाला दुवाच दिला असता. तुम्ही तिथं थांबलात, कारण मला तिथून रोज जायचं होतं. भीती तुम्हालाही वाटली, ती त्या श्वासात कळते. ज्या मुलीचं तोंडही पाहिलं नाही तिच्यासाठी तुम्ही ते केलंत, आणि पाठवताना खाली एवढंच लिहिलंत: "असा आहे. आता तू ठरव."

बाबांनी तो व्हिडिओ रात्री कारखान्यातून आल्यावर पाहिला. हातपाय न धुता पाहिला, मग परत लावायला सांगितला. त्यांनी जन्मभर रात्रपाळ्या केल्यात. अंधारातून एकट्यानं घरी येणं काय असतं, हे त्यांना कुणी सांगायला नको. अंधाराच्या जागी ते मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. रस्त्याबद्दल काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "ही पोरगी खोटं बोलत नाही." आईनं टिफिन सेंटरमधल्या बाया मोजल्या. त्या रात्री आमच्याकडं परराज्याचा विषय निघालाच नाही. बोलणं चाललं ते चांगल्या बॅटरीचं, त्या दोन खांबांचं, आणि चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा मी नसताना पिंप कोण भरणार, याचं. म्हणजे मी जाणार हे घरानं मनातल्या मनात धरलं होतं.

मी होकार दिला तो रस्ता चांगला आहे असं वाटून दिला नाही. तो जसा आहे तसा मला कळला, म्हणून दिला.

शेजारच्या अव्वांना हे सगळं सांगितलं. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात. सोलापूरच्या पूर्व भागात निम्म्या गल्ल्या तशाच. १८७७ला जुनी गिरणी सुरू झाली, पुढं आणखी गिरण्या आल्या, हातमाग वाढले, आणि तेलंगणातून विणकर येत राहिले, इथलेच झाले. अव्वांचे सासरे असेच पोरवयात आलेले. अव्वा सांगतात, स्टेशनवर उतरले तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. एका हमालानं त्यांची पेटी डोक्यावर घेतली, त्यांना साखर पेठेत नातलगाच्या दारापर्यंत सोडलं आणि पैसे घेतले नाहीत. त्या हमालाचं नाव घरात कुणालाच माहीत नाही. पण तो मात्र अव्वांच्या नातवंडांनाही माहीत आहे.

माणुसकी म्हटलं की आपण मोठमोठ्या गोष्टी बोलतो, देणग्या, सत्कार, फलक. मला आता तो हमाल आठवतो, लॅबमधले मामा आठवतात आणि त्या अंधारात थांबलेल्या तुम्ही. तिघांनीही मला किंवा अव्वांच्या सासऱ्यांना कुठं जावं हे शिकवलं नाही. जायचं ठरलं तर वाट कशी आहे, तेवढं पाहून दिलं, आणि त्यासाठी स्वतःची संध्याकाळ मोडली. ज्यांना सल्ले देण्याचा पगार मिळतो त्यांनी यातलं थोडं जरी केलं, तरी माझ्यामागून येणाऱ्या मुलींचे किती हेलपाटे वाचतील.

एक तारखेला रुजू व्हायचंय. सोडायला बाबा येणार आहेत, रजा टाकलीय त्यांनी. तो रस्ता त्यांना स्वतः एकदा रात्री चालून बघायचाय. तुम्हाला सवड असेल तर भेटा. नसेल तर दगदग करून येऊ नका, तुम्ही आधीच पुष्कळ केलंय. शेंगाचटणी आई देणार आहेच, ती मी तुमच्या घरी पोचवीन.

आणि त्या दोन दिव्यांसाठी तिथल्या महापालिकेत अर्ज द्यायचा, असं मी आणि बाबांनी ठरवलंय. मला गल्लीतलं तेलुगू बोलता येतं, लिहिता येत नाही. अव्वांचा नातू लिहून देतो म्हणालाय. हॉस्टेलातल्या मुलींच्या सह्या मी गोळा करते. पहिली सही माझी. दुसरी तुमची घालू का, तेवढं कळवा.

तुमची,
तुमच्याच लॅबमधली, तीन वर्षं मागची
सोलापूर