फौजी काका, गुंड बरोबर घरी गेला

ती. स्व. फौजी काकांस,
सा. न. वि. वि.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही मोतीबिंदूसाठी लेकीकडे नागपूरला गेलात आणि नव्या कॅरम स्पर्धेसाठी आभार मानायचे राहूनच गेले. फोनवर विषय काढला की तुम्ही "बस बस" म्हणून पावसाचं विचारता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. तुम्हाला विरोधही मी चारचौघांतच केला होता ना! कॅरमची स्पर्धा गुणांवर घ्यायची असं तुम्ही म्हणालात तेव्हा पारावरच्या बैठकीत "हे कॅरम होय का बँकेचं पासबुक? पॉइंट मोजत कोन बसते बापा?" असं म्हणणारा मीच होतो.

आपली जुनी स्पर्धा आठवा. एका रात्रीत 32 जण, हरला तो बाहेर. कमरेएवढा चषक, त्यावर देणाऱ्या पुढाऱ्याचं नाव जिंकणाऱ्याच्या नावापेक्षा मोठं, आणि होळीपर्यंत सोनेरी रंगाचे पोपडे. तालुक्याहून स्वतःचा स्ट्रायकर घेऊन आलेले दोघं-तिघं चषक आणि रोख रक्कम घेऊन जायचे. आपली पोरं रात्री नऊपर्यंत हरून उरलेली रात्र बोरिक पावडर टाकायला आणि चहा वाटायला.

तुम्ही निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या छावणीत होतात तेव्हा तिथल्या गोल्फ मैदानावर साहेबांची गुणांची कार्डं जुळवायचात, ते तुमच्याकडून ऐकलं होतं. त्या खेळातलं काही आपल्या समाजमंदिरात चालेल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांच्या पद्धतीने 1932 मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबात पहिली स्पर्धा झाली, ते तुम्ही सांगितलंत. ठरलेल्या फटक्यांत चेंडूने भोक गाठलं तर 2 गुण, एक फटका जास्त लागला तर 1, एक कमी लागला तर 3, आणि अगदीच बोऱ्या वाजला तर शून्य. शून्याच्या खाली कोणी जात नाही, त्यामुळे एका वाईट भोकापायी सगळा दिवस बुडत नाही. तुम्ही तेच कॅरमवर बसवलंत. खेळ नेहमीसारखा 25 गुणांचा किंवा 8 बोर्डांचा. जिंकला त्याला 2, समोरच्याला भोपळ्यावर ठेवून जिंकला तर 3, आणि हरूनही 15 गाठले तर 1. प्रत्येक फेरीत प्रत्येकाचे तीन डाव. वर कच्च्या खेळाडूला सुरुवातीलाच काही गुणांची सूट, आणि तो जिंकत गेला की ती सूट कमी. "त्याले फुकटचे सहा काहून?" यावर दिवाळीपर्यंत भांडणं झाली. माझीच जास्त.

पण खरी अक्कल पुढच्या नियमात होती. पोळ्यापासून पाडव्यापर्यंत 14 फेऱ्या आणि त्यातल्या चांगल्या 8 धरायच्या. तेव्हा मला वाटलं, फौजी माणूस आणि गैरहजेरीला माफी देतो? कापूस वेचणीला आला की माणूस रविवारही पाहत नाही आणि हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाईन रात्रीची, हे तुम्ही आधीच धरलं होतं. सगळ्या फेऱ्यांना येणं ज्याला परवडतं तोच जिंकणार असेल, तर ती स्पर्धा रिकाम्या माणसांची. (8 फेऱ्यांचे जास्तीत जास्त 72 गुण होतात, आणि गोल्फच्या बऱ्याच मैदानांचा पार, म्हणजे ठरलेले एकूण फटके, तेही 72 च, यावर तुम्ही एकटेच किती वेळ हसत होतात!)

चषकाचंही तसंच. 1870 मध्ये स्कॉटलंडमधल्या मोठ्या गोल्फ स्पर्धेत टॉम मॉरिस नावाच्या पोराने लागोपाठ तिसऱ्यांदा जिंकून बक्षिसाचा पट्टा कायमचा घरी नेला, आणि 1871 मध्ये स्पर्धाच झाली नाही. ती गोष्ट सांगून तुम्ही म्हणालात, "आपला चषक कोनाच्या घरी कायमचा जाईन नाही, फक्त नाव राहीन." आणि काकूंच्या माळ्यावरचा भंडाऱ्याचा पाणी भरायचा पितळी गुंड काढून दिलात. लग्नातल्या भांड्यांवर टाकतात तसं नाव त्यावर बाजारातला कासार टाकणार, एवढाच खर्च.

आता माझी कबुली. मी 14 च्या 14 फेऱ्या खेळलो. सगळी बेरीज धरली तर माझे 71 गुण आणि माझ्या शेजारच्या शेतावरच्या सालदाराचे 53. पण तो 9 च फेऱ्या खेळला होता. रजिस्टरमध्ये तुम्ही लाल शाईने माझ्या सहा आणि त्याची एक फेरी खोडलीत तेव्हा त्याचे उरले 49, माझे 47. ती रात्र मी कोणाशी बोललो नाही. सुरुवातीला त्याला सहाची सूट होती, शेवटी एकाची राहिली होती, म्हणजे तक्रारीलाही जागा नव्हती.

पाडव्याला सकाळी मालकाकडे त्याचं नवं साल ठरलं आणि संध्याकाळी गुंड मिळाला. परवा त्याच्याकडे गेलो तर गुंड फळीवर नाही, ओट्यावर पाण्याने भरलेला. वहिनींनी चिंचेने घासून लखलखीत केला होता, पण नावाच्या अक्षरांवर हात जपून फिरवल्याचं दिसत होतं. मला त्यातलंच पाणी दिलं. चषकातून पाणी प्यायलो ते असं.

तुमचं रजिस्टर माझ्याकडे नीट आहे. रेघा आखून ठेवल्या आहेत, तुमच्याइतक्या सरळ नाहीत. एकच राहिलं. शेवटच्या नंबराला द्यायचा सराटा यंदा तुम्हीच जिंकलात आणि पोळ्या उलटायला काकूंनी तो नागपूरला नेला असं कळलं. काकूंना सांगा, तोही फिरता आहे. पोळ्याला येताना घेऊन या.

तुमचा,
दुसरा नंबर
(जि. यवतमाळ)