मंत्रीसाहेब, तुमच्या हायमास्टनं आमच्या कृत्तिका गिळल्या

मा. मंत्री महोदय, सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांमागं आमच्या शाळेच्या गॅदरिंगला येऊन तुम्ही स्टेजवरनं म्हणालात, पोरांना दुर्बीण देतो, आकाशदर्शनाचा कट्टा बांधून देतो. टाळ्या आम्हीच वाजवल्या. दुर्बीण काही आली नाही, परवा मैदानाच्या कोपऱ्यात हायमास्टचा उंच दिवा मात्र आला, खाली तुमच्या नावाची पाटी. कुणी म्हणतं पाच लाखांचा, कुणी म्हणतं आठ.

कार्तिक वद्य अष्टमी होती, चंद्र उशिरा उगवणार म्हणून मुद्दाम धरलेली. बावीस पोरं चटयांवर उताणी. कार्तिकातल्या पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या तारकापुंजापाशी असतो म्हणून कार्तिक, हे सांगून मी पूर्वेला बोट केलं आणि भप्पकन दिवा लागला, सगळं आभाळ पांढरं. एक पोरगी म्हणाली, सर, आता मोबाईलवरच दाखवा.

शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात लिहिलंय, कृत्तिका पूर्व दिशेवरून ढळत नाहीत. कुणीतरी वर्षानुवर्षं बघितल्याशिवाय असं लिहिता येतं का हो? भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या शं. बा. दीक्षितांनी, तेही मास्तरच, कृत्तिका नेमक्या पूर्वेला कधी उगवायच्या याचं गणित करून त्यावरनं इ.स.पू. ३००० च्या आसपासचा काळ काढला (वाद आहेत, असू देत). इजिप्तवाल्यांचं तर पोटच आभाळावर, आपला व्याधाचा तारा बरेच दिवस दडून पहाटे परत दिसला की नाईलचा पूर जवळ आला समजायचे. बाबिलोनवाल्यांनी शुक्राचे २१ वर्षांचे उदयास्त टिपले, मातीच्या पाट्यांवरच्या त्याच्या नकला अडीच हजार वर्षांनंतरही वाचता येतात, आणि माझा दुर्बिणीचा अर्ज तुमच्या ऑफिसात आठ महिन्यांत हरवला. त्यासाठी नऊ हेलपाटे झाले, गुडघा गेला, बायनॉक्युलर पगारातनं घेतला, आता तो दिवा थेट आमच्या खिडकीत, बायकोनं गोधडी टांगलीय.

माझे आजोबा तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, कुठं आलंय ते बघून मोट धरायला उठायचे. आमची पोरं सत्तावीस नक्षत्रं घडाघडा म्हणतात, ओळखता एक येत नाही, मार्क मात्र पूर्ण. आणि तुम्ही लोक प्रत्येक भाषणात पूर्वजांनी सगळं आधीच शोधलं म्हणता. शोधलं ना साहेब, पण अंधारात बसून, बघून शोधलं! तुमच्या सगळ्या खात्यांना विकास म्हणजे खांब आणि पाटी एवढंच सुचतं, पक्ष कुठला का असेना.

दुर्बीण राहू द्या. महिन्यातनं दोन रात्री दिवा बंद ठेवायचा तर बटण कुणाकडं आहे तेवढं सांगा. ग्रामपंचायत म्हणते वायरमनकडं, वायरमन म्हणतो बटणच नाही, अंधार पडला की आपोआप लागतो.

आपला,
एक मास्तर