मुक्ता, निघण्याआधी हे वाच

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तंबोरा मागच्या पलंगावर ठेवणार म्हणालीस, म्हणून रात्रीच लिहायला बसले. तिथे नको. आरव्हीचा, त्या घरासारख्या मोठ्या गाडीचा, शेपटाकडचा भाग मागच्या चाकांच्याही पलीकडे लांब निघालेला असतो आणि खड्ड्यात तोच सगळ्यांत जास्त उसळतो. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये, खाली जमिनीवर ठेव, तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, वर करून.

तारा दोन-तीन पीळ उतरव. पार सैल केल्यास तर तारांखालची घोडी सरकेल. तारा आणि तबलीमध्ये मऊ फडकं घाल. भोपळा आणि दांडी जुळते तिथे पेटीत खालून आधार हवा. तान्ह्या बाळाची मान धरतो तसा. मोडतो तो तिथेच. पेटीच्या चारही बाजूंना रजया ठास. पट्टे पेटीवरून दोन जागी घे आणि सीटच्या लोखंडी सांगाड्याला बांध. कपाटाच्या मुठींना किंवा टेबलाच्या पायाला मुळीच नको. ब्रेक दाबला की ते उपटून हातात येतात.

आणि पहिल्या पन्नास मैलांच्या आत थांबून पट्टे बघ. अमेरिकेत ट्रकवाल्यांना तसा नियमच आहे. पुढे दर दीडशे मैलांनी किंवा तीन तासांनी, जे आधी येईल तेव्हा.

सौरभची कयाक, ती वल्ह्याची होडी, आरव्हीच्या छपरावर नको, आरव्हीच्या मागे ओढत न्यायच्या गाडीच्या टपावर पालथी बांधा. दोन पट्टे, शिवाय पुढच्या आणि मागच्या टोकाला दोरी. दांडा ओढून आवळायच्या रॅचेटने फार आवळू नका. उन्हात प्लॅस्टिक नरमतं, पोचे पडतात आणि पट्टा ढिला होतो. साध्या बकलचे पट्टे बरे. पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्याने फडफडणार नाही. कयाकचं नाक वळणावर आरव्हीला लागतं का, हे रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी पूर्ण वळवून बघा. सौरभला खाली उभं कर. मागची गाडी चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढत असाल तर रिव्हर्स घ्यायचा नाही, आधी ती सोडवायची. कयाकचं टोक मागे चार फुटांहून जास्त निघालं तर लाल फडकं बांधा.

मी फार सांगतेय ना? राग मानू नकोस. एवढी मोठी गाडी तू चालवतेस, हे मी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून झालंय. पण गुरुवारच्या भजनात त्याच भोपळ्याला टेकून तू झोपायचीस आणि आक्का नाद घुमावा म्हणून तारांची जवारी लावताना तुला उठवायच्या नाहीत. मिरजेत नवा करून मिळेल गं, आक्कांचा नाही मिळणार.

मोहावीच्या वाळवंटात दुपारी बंद गाडीत तंबोरा सोडू नकोस. सरस सुटतो, कोरड्या हवेने भोपळा तडकतो. जेवायला उतरलात तर जनरेटरवर एसी चालू ठेवा. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज घालून पेटीत ठेव.

थांबशील ना पन्नास मैलांच्या आत? पट्ट्यांसाठी तर थांबच, पण तूही उतर, पाणी पी, झोप येत असेल तर सौरभला चालवू दे. अंधारात बार्स्टो गावाच्या पुढे जाऊ नका. पट्टे बघून झाले की फोन कर, इथे कितीही वाजले असले तरी.

तुझी,
आई