लठ्ठपणाची शस्त्रक्रिया आणि विम्याचे जुने निकष

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार, अशी बातमी जुलै २०२५ मध्ये पसरली आणि नागपूरच्या एम्सचे नाव देशभर चर्चेत आले. विक्रेत्यांवर कोणतीही सक्ती नसून कार्यालयांत तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावायचे आहेत, असा खुलासा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नंतर केला. फलकांना माझा विरोध नाही. मात्र या साऱ्या चर्चेत, ज्यांचे वजन फलकांच्या पलीकडे गेले आहे त्यांच्याविषयी कोणी काही बोलले नाही. येथील रुग्णालयांत आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना अशाच रुग्णांशी माझा अधिक संबंध आला, म्हणून हे पत्र.

लठ्ठ माणूस खातोच फार, हा आपला ठाम समज आहे. नागपुरात तर दोष द्यायला सावजीची तर्री हाताशी असतेच; पण ती रोज कोणी खात नाही. रोज पोटात जातात ती चार-पाच चहांतली साखर, बिस्किटे, फरसाण आणि रात्री उशिराचे जेवण. त्यात बैठे काम, अपुरी झोप आणि सकाळी आठनंतर पायी चालणे अशक्य करणारा आपला उन्हाळा. तरीही एकाच घरात, एकाच स्वयंपाकावर वाढलेल्या दोन भावांपैकी एकच लठ्ठ होतो, कारण आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. स्टेरॉइड, मानसिक आजारांवरील काही गोळ्या आणि इन्सुलिन यांनीही वजन वाढते. थायरॉइडला मात्र आपण गरजेपेक्षा अधिक दोष देतो. त्यामुळे वाढणारे वजन बहुधा थोडेच असते. सर्वांत कमी समजून घेतली जाणारी गोष्ट अशी, की वजन घटले की शरीर ते परत मिळवण्याच्या मागे लागते : भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते, तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन घटते आणि बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जाही कमी होते. म्हणूनच कडक पथ्याने पंधरा किलो उतरवलेली व्यक्ती दोन वर्षांत पूर्वपदावर येते, आणि नातेवाईक तिच्या मनोनिग्रहावर बोट ठेवतात.

अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार होतो. येथे लायपोसक्शनची गल्लत करू नये. त्यात त्वचेखालची चरबी काढतात, ती वजनाची किंवा मधुमेहाची चिकित्सा नव्हे. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग कायमचा काढला जातो, आणि घ्रेलिन मुख्यतः तेथेच तयार होत असल्याने भूकही मंदावते. काहींना त्यानंतर आंबट ढेकर व जळजळीचा त्रास वाढतो. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. मधुमेहावर तिचा परिणाम चांगला दिसतो, मात्र लोह, कॅल्शियम व बी-१२ यांचे शोषण घटते. पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण पाव हिस्सा किंवा थोडे अधिक वजन उतरते. पुढे थोडे परत येते, पण सगळे येत नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दहा वर्षांनंतरही सरासरी १७ टक्के कमी होते, आणि शस्त्रक्रियेविना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे जवळजवळ होते तेवढेच.

आता मुख्य मुद्दा. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही शस्त्रक्रिया विम्यात बसण्यासाठी बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) किमान ४०, किंवा अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणे) असा आजार असल्यास ३५ असावा लागतो. हे आकडे १९९१ साली अमेरिकेत ठरलेले, पोट उघडून शस्त्रक्रिया होत असतानाच्या काळातले. भारतीयांच्या पोटात त्याच बीएमआयला अधिक चरबी साठते आणि मधुमेहही लवकर होतो, म्हणून आपल्याकडील शल्यचिकित्सक अनेक वर्षे ३७.५ व ३२.५ हे निकष मानत आले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत तर आशियाई रुग्णांसाठी २७.५ पासूनच विचार करावा, असे म्हटले आहे. १६० सेंटिमीटर उंचीची, ८४ किलो वजनाची मधुमेही महिला डॉक्टरांच्या मते पात्र ठरते, पण विम्यासाठी तिचे वजन जवळजवळ ९० किलो हवे. म्हणजे तिने आधी सहा किलो वाढवून यावे, असाच याचा अर्थ होतो.

दुसरी तक्रार जाहिरातींविषयी आहे. वजन किती उतरले ते ठळक छापले जाते. नंतर आयुष्यभर जीवनसत्त्वे, ठरावीक रक्ततपासण्या, रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने आणि महिलांसाठी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळणे, हे कोठेच नसते. शस्त्रक्रियेनंतर पाणी घटाघटा पिता येत नाही, घोट घोट घ्यावे लागते. मे महिन्यात गडचिरोली किंवा बालाघाटला परतलेल्या रुग्णाला हे कोणी नीट सांगितले नसेल, तर तो निर्जलीकरण होऊन पुन्हा दाखल होतो.

प्राधिकरणाने आपले निकष भारतीय शरीररचनेनुसार बदलावेत, आणि पाठपुराव्याच्या तपासण्या व आहारसल्लाही त्याच विम्यात घ्यावा. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस लठ्ठपणाचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग नियमित चालावा, ज्यात शल्यचिकित्सकासोबत आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञही बसतील. धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयांचा खर्च न झेपणाऱ्यांना त्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

आपली,
एक निवृत्त आहारतज्ज्ञ
प्रतापनगर, नागपूर