कुंगफूपटांना एका ओळीत उडवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मारधाडपटांवर आलेला लेख वाचला. हॉलिवूडच्या नव्या चित्रपटांना त्यात अर्धे पान मिळाले आणि हाँगकाँगच्या जुन्या कुंगफूपटांची बोळवण एका वाक्यात झाली: कथेच्या नावाने बोंब, नुसती हाणामारी. मी मिरजेत तबला शिकवते. या चित्रपटांवर माझा लहानपणापासून जीव आहे, त्यामुळे ते वाक्य वाचून गप्प बसवेना.

१९७८ सालचा ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ घ्या. दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग, नायक गॉर्डन लिऊ. चीनवरच्या मांचू राजवटीच्या जुलमातून जीव वाचवून पळालेला एक विद्यार्थी शाओलिन मठात येतो आणि सान ते या नावाने शिष्य होतो. मठात शिक्षणाची पस्तीस दालने. हा उतावळा थेट सगळ्यांत वरच्या दालनात जातो, तिथे त्याचा निभाव लागत नाही आणि मुकाट्याने सगळ्यांत खालच्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवर पाय टाकून पलीकडे गेल्याशिवाय जेवायला मिळत नाही. दोन्ही हात ताठ पसरून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, आणि दंडांना सुरे बांधलेले, टोके बरगड्यांकडे. हात जरा खाली आला की टोचलेच. मग मनगटांचे दालन: लांबलचक बांबूच्या टोकाला जड हातोडा, आणि तो पेलून घंटेवर टोल द्यायचा.

हा टोलांचा प्रसंग मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवते. सुरुवातीला बांबू डोलतो, हात थरथरतात, चेहरा पिळवटतो. पुढे तोच टोल सहज आणि नेमका बसायला लागतो. ‘तिरकिट’ हा तबल्याचा बोल खांद्यातून वाजवायची खोड लागलेल्या मुलाला मी महिनोन् महिने टोकत असते. या दोन मिनिटांनंतर तो आपणहून मनगटाकडे बघतो. चित्रपटाचा मधला मोठा भाग असा नुसत्या शिकण्यात जातो. शत्रू लांब, गाणे नाही, प्रेमप्रकरण नाही, तरी मुले जागची हलत नाहीत. शरीराला एखादी गोष्ट हळूहळू यायला लागते, हे इतक्या सविस्तर दाखवणारे चित्रपट मी फार पाहिलेले नाहीत.

आणि कथा नाही कशी? सगळी दालने पार केल्यावर सान तेला हव्या त्या दालनाचे प्रमुखपद देऊ केले जाते. तो म्हणतो, मला छत्तिसावे दालन काढायचे आहे, मठाबाहेरच्या साध्या माणसांना शिकवण्यासाठी. वडीलधारे हे मान्य करत नाहीत. घराण्याची चीज बाहेर द्यावी की नाही यावरून आमच्या क्षेत्रात किती अबोले झाले, तबल्याच्या किती जुन्या रचना, कायदे आणि गती, जाणत्यांबरोबरच गेल्या, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या मागणीचे वजन सांगावे लागणार नाही.

हे लाउ कार-ल्युंग यांनी कल्पनेतून उभे केलेले नाही. त्यांचे वडील लाउ चाम हे लाम साय-विंग यांचे शिष्य, आणि लाम साय-विंग हे वाँग फे-हुंग यांचे. दक्षिण चीनमधले वैद्य आणि कुंगफूचे गुरू म्हणून प्रसिद्ध असलेले, ज्यांच्यावर पुढे ढिगाने चित्रपट निघाले, तेच वाँग फे-हुंग. गॉर्डन लिऊही लाउ चाम यांच्याच घरातल्या तालमीत तयार झालेला. पडद्यावर जी परंपरा दिसते ती त्या माणसांच्या हातापायांत खरोखरच होती.

आता हाणामारीबद्दल. दिग्दर्शक किंग हू यांचा १९६६ सालचा ‘कम ड्रिंक विथ मी’ पाहा. चेंग पेई-पेई ही नृत्य शिकलेली तरुण मुलगी त्यात नायिका आहे. भावाला सोडवायला निघालेली, पुरुषी वेशात खाणावळीत एकटी बसलेली, आणि भोवती गुंड गोळा होत आहेत. बराच वेळ कोणी कोणाला धक्कासुद्धा लावत नाही. मग एकदम झटापट, की पुन्हा सगळे स्तब्ध. किंग हूंनी ही रीत बीजिंग ऑपेरातून, म्हणजे चीनच्या पारंपरिक संगीत नाटकातून घेतली. तिथे लढाई ताशा-झांजांच्या तालावर चालते आणि नट ठोक्यासरशी एका मुद्रेत थिजतो. आमच्या भाषेत तो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो. दहा-बारा आघातांची लड, मग सम, मग श्वास, मग पुढची लड: चांगल्या कुंगफूपटातली लढत डोळे मिटून ऐकली तरी मात्रा मोजता येतात. चित्रीकरण बहुतेक विनाध्वनी व्हायचे, फटक्यांचे आवाज मागाहून भरत, त्यामुळे तो ताल आणखी ठसठशीत होई. जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाओ हे कुंगफूपटांतले तिन्ही नट लहानपणी हाँगकाँगमध्ये ऑपेराच्या एकाच शाळेत घडले, ते उगीच नाही.

शिवाय कॅमेरा मागे उभा असतो. माणूस डोक्यापासून पावलापर्यंत दिसतो, वार कुठून निघाला आणि कुठे बसला ते दिसते. आजच्या पुष्कळ मारधाडपटांत सेकंदासेकंदाला दृश्य तुटते आणि कोणी कोणाला मारले याचा पत्ता लागत नाही. लेखकाने ज्यांना अर्धे पान दिले त्यांतले काही याच पंक्तीतले आहेत.

सगळेच कुंगफूपट चांगले होते असे मी म्हणत नाही. घाईने काढलेले, तोच तो सूड दळणारे कितीतरी होते. ब्रूस लीबद्दल तर सगळ्यांना माहीत आहे, म्हणून एवढेच लिहिते. गणपतीत आमच्या गल्लीतले मंडळ व्हीसीआर भाड्याने आणायचे. ‘फिस्ट ऑफ फ्युरी’मध्ये शांघायच्या बागेवरची ‘कुत्रे आणि चिनी लोकांना प्रवेश नाही’ ही पाटी ब्रूस लीने लाथेने फोडली, तेव्हा माझे आजोबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. साहेबाच्या क्लबाबाहेर थांबलेल्या पिढीतले ते. इंग्रजी डबिंगमधले एक अक्षरही त्यांना कळले नव्हते.

त्या कॅसेटींवर मात्र निम्मा चित्रपटच नसायचा. मूळ चित्र रुंद पडद्यासाठी टिपलेले. टीव्हीच्या चौकोनात बसवायला दोन्ही कडा कापलेल्या. काठी फिरायची आणि तिचे टोक पडद्याबाहेर जायचे. ज्यांनी हे चित्रपट तेवढेच पाहिले त्यांना ते गचाळ वाटले असतील तर नवल नाही. २००० नंतर शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या चित्रसंस्थेचे शेकडो चित्रपट दुरुस्त होऊन मूळ रुंदीत पुन्हा बाहेर आले आहेत.

म्हणून दोन विनंत्या. आपल्याकडच्या फिल्म क्लबांत इटली, इराण, जपानचे चित्रपट आवर्जून दाखवतात; एखादा रविवार लाउ कार-ल्युंग आणि किंग हू यांना द्यावा. मूळ चिनी आवाजात, पूर्ण रुंदीत, सकाळच्या वेळी, म्हणजे शाळेतली मुलेही येतील. दुसरी विनंती पुरवणीच्या लेखकाला: तुम्हीही या, आणि मग पुन्हा लिहा. सांगली-मिरजेत असा खेळ ठरला तर माझ्या क्लासची सगळी मुले घेऊन मी पहिल्या रांगेत असेन.

आपली,
एक तबलाशिक्षिका, मिरज