करवतकाठीचे दात मोजून येतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हातमागाच्या साड्यांवर पुरवण्यांत मजकूर येतो, तेव्हा विदर्भाच्या करवतकाठी साडीच्या वाट्याला बहुधा दोन वाक्ये येतात. तिच्या काठाला करवतीसारखे दात असतात हे एक, आणि त्या नक्षीची प्रेरणा रामटेकच्या मंदिरातली हे दुसरे. पहिले खरेच आहे. दुसरे श्रद्धेने सांगितले जाते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण लेख तिथेच संपला की वाचकाला वाटते, कुणी देवळातली नक्षी पाहिली, कागदावर उतरवली आणि कापडावर काढली. हा काठ तसा घडत नाही. तो आधी जंगलातून येतो आणि मग मोजणीतून.

साडीचे अंग टसर या जंगली रेशमाचे, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत कोशाचे. भंडारा-गडचिरोलीकडच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर टसरच्या अळ्या वाढतात. टसरच्या एका स्थानिक वाणाला शास्त्रज्ञांनी ‘भंडारा’ हेच नाव दिले आहे. ढिवर समाजातली कुटुंबे पावसाळ्यापासून अळ्यांची राखण करतात, कारण मुंग्या, गांधीलमाश्या आणि पाखरे टपलेलीच असतात. पतंग बाहेर पडण्याआधी कोष वाळवला तर त्याचा सलग धागा निघतो. पतंग भोक पाडून गेला की तो कोष फक्त कातायला उरतो आणि त्याचे सूत जाडेभरडे होते. टसरचा कोष तुतीच्या कोषापेक्षा पुष्कळ टणक असतो, त्यामुळे सोड्याच्या पाण्यात शिजवल्याशिवाय धागा सुटत नाही. शिजवण कमी पडली तर धागा तुटत राहतो, जास्त झाली तर चमक जाते.

या धाग्याचा रंग मुळातच मधासारखा असतो आणि त्यावर फिके रंग स्वच्छ बसत नाहीत. म्हणून अंग नैसर्गिक रंगाचे ठेवायचे आणि गडद लाल, काळा, जांभळा काठ सुताचा किंवा रेशमाचा घ्यायचा, ही या साडीची जुनी रीत. ज्याला आपण रंगसंगती म्हणतो तिची सुरुवात अशी कोषाच्या स्वभावातून होते.

आता दात. ही साडी तीन धोट्यांवर, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या तीन साधनांवर विणली जाते. अंगाचा एक आणि दोन काठांचे दोन. धोट्याच्या प्रत्येक फेकीत काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आणि अंगाचा बाणा ठरलेल्या जागी एकमेकांत अडकवून परत फिरवायचा. ती जागा प्रत्येक वेळी तीच ठेवली तर सरळ काठ मिळतो. ती पायरीपायरीने आत सरकवत नेली आणि परत आणली की दात पडतो. उदाहरणादाखल हिशेब मांडतो. दर दोन फेकींनंतर चार धागे आत सरकायचे, अशा आठ पायऱ्या, मग तशाच आठ पायऱ्या मागे. ताणा, म्हणजे उभे धागे, इंचाला 64 आणि बाणाही तितकाच धरला, तर दात अर्धा इंच खोल आणि अर्धा इंच लांब पडतो. साडेपाच मीटरच्या साडीत एका काठावर असे चारशेहून अधिक दात बसतात, म्हणजे दोन्ही काठांवर आठशेहून अधिक. फेकी होतात साडेतेरा हजारांच्या वर, आणि प्रत्येक फेकीत दोन ठिकाणी अडकवण. एका जागी चार धाग्यांऐवजी तीन मोजले गेले की तो दात शेजाऱ्यांपेक्षा बुटका दिसतो आणि उसवल्याशिवाय सुधारत नाही. अशा विणकराला ‘प्रेरणा कुठून मिळते’ असे विचारणाऱ्याने आधी त्याच्या शेजारी बसून एक दात मोजून पाहावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

मोजणी बरोबर असूनही काठ बिघडतो. अडकवताना बाणा जास्त ओढला तर काठ आक्रसतो, साडी जमिनीवर पसरली की तो लाटेसारखा उठतो. ढिला सोडला तर दातांच्या रेषेवर बारीक भोके पडतात आणि नेसताना तीच जागा आधी फाटते. काठाचे सूत आणि अंगाचे टसर सारखे ताणले जात नाहीत, म्हणून काठाच्या ताण्याचा ताण वेगळा सांभाळावा लागतो. आणि अंगाच्या बाण्याला गाठीगाठीचे कातीव सूत घातले, तर फेकी तेवढ्याच असूनही त्या भागातले दात लांबट होतात. म्हणून जाणता विणकर नुसत्या फेकी मोजत नाही, नवा दात जुन्या दाताशी ताडून पाहतो.

बाजारात करवतीचे दात छापलेल्याही साड्या मिळतात आणि यंत्रमागावर जादा धागे घालून उठवलेल्याही. परवडणारी साडी कुणी घेतली तर आमची हरकत नाही, हरकत आहे ती एकाच नावाने विकण्याला. करवतकाठीला भौगोलिक मानांकन आहे आणि 1985 च्या हातमाग आरक्षण कायद्यातील राखीव वस्तूंच्या यादीत साडी आहे. तरी ग्राहकाला दुकानात उभे राहून ओळखावेच लागते. काठ उलटा करून पाहा. खऱ्या करवतीत मागच्या बाजूलाही तोच दात तितकाच ठळक दिसतो आणि त्याच्या कडेने अडकवणीचा बारीकसा उंचवटा बोटाला लागतो. मागे मोकळे तरंगणारे किंवा कापलेले धागे दिसले तर ती तीन धोट्यांची साडी नव्हे. मागची बाजू फिकी असेल तर छपाई. सिल्क मार्कवर विसंबू नका, तो धागा अस्सल रेशमाचा असल्याची हमी देतो, हाताने विणल्याची नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे. घेण्याआधी ओले पांढरे फडके गडद काठावर दाबून पाहा. रंग फडक्याला लागला तर पहिल्याच धुण्यात तो टसरवर उतरेल आणि मग निघणार नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे दोन मागण्या आहेत. अशा साडीचे छायाचित्र छापताना काठाची मागची बाजूही दाखवावी, आणि त्याखालच्या ओळीत ताणा कशाचा, बाणा कशाचा, काठ किती धोट्यांचा आणि विणला कोणत्या गावात, एवढे तरी द्यावे. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगावकडे माग अजून चालू आहेत, ही माहिती मिळवणे कठीण नाही. प्रदर्शने भरवणाऱ्या संस्थांनीही चिठ्ठीवर किमतीच्या वर हाच मजकूर आणि विणकराची संमती असेल तर त्याचे नाव लिहावे. आज त्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा रंग आणि किंमत एवढेच असते.

आपले,
हातमाग कापडाचे दोन अभ्यासक, नागपूर