सहा पावलं, आठ मात्रा

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, दर शनिवारी मी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कशाला जाते हे फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. मी ब्रेकिंग नावाचा नाच शिकतेय. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जपानच्या आमीनं ज्यात सुवर्णपदक मिळवलं, तेच. डोक्यावर गरगर फिरणं वगैरे फार पुढचं. आधी उभ्यानं टॉपरॉक, मग खाली उतरून फुटवर्क. माझा मुक्काम सध्या फुटवर्कमधल्या सिक्स-स्टेपवर, म्हणजे सहा पावलांच्या फेरीवर आहे.

दंड काढताना असतं तसं अंग. पहिल्या पावलाला डावा पाय खालून पुढे उजव्या हाताकडे घ्यायचा आणि उजवा हात उचलायचा. दुसऱ्याला उजवा पाय डाव्याच्या मागे. तिसऱ्याला डावा पाय मोकळा केला की पोट वर, एक हात पाठीमागे टेकलेला. मग हात बदलून उरलेल्या तीन पावलांत पुन्हा दंडाच्या स्थितीत. सगळं चवड्यांवर. टाच टेकली की वेग मेला, आणि कंबर जमिनीला लागता कामा नये.

बाबा, आता तुमच्यासाठी. पावलं सहा, पण गाणं आठाचं. म्हणजे पायात दादरा आणि कानात केरवा! पहिली फेरी समेवर सुरू केली तर दुसरी सातव्या मात्रेवर सुरू होते, तिसरी पाचव्या, चौथी तिसऱ्या. चार फेऱ्या झाल्या की चोवीस मात्रा भरतात आणि पाऊल पुन्हा समेवर येतं. वर्गातली बाकीची मुलं इथे गोंधळतात. मला ते पटकन उमगलं, कारण गुरुवारच्या भजनात तुमच्या तबल्याशेजारी बसून मी लहानपणभर सम शोधत आलेय.

हा नाच कुठून आला तेही सांगते. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉन्क्समधल्या १५२० सेजविक अव्हेन्यू या राहत्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं पार्टी ठेवली. शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. घर मूळचं जमैकाचं. गाणारा थांबतो आणि नुसता ताल उरतो, त्या तुकड्यावर पोरं जीव तोडून नाचतात हे हर्कनं हेरलं. तो तुकडा असतो काही सेकंदांचा. म्हणून तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या ठेवून तोच तुकडा आलटून पालटून वाजवू लागला. त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात आणि त्यावर नाचणारे ते बी-बॉय, बी-गर्ल. नाव हर्कचं झालं, पण मला सिंडी जास्त जवळची वाटते. तिनं हॉल धरला नसता तर तो वाजवणार कुठे?

आई, "रस्त्यावरचा नाच" म्हटलं की तुला काळजी वाटते, ते मी समजू शकते. पण त्या पोरांकडे ना गुरू होता ना फरशी. पुठ्ठा नाहीतर लिनोलियमचा तुकडा अंथरून, एकमेकांचं बघून त्यांनी हे सगळं उभं केलं. आमचे सर पोर्टो रिकोच्या कुटुंबातले, बाबांच्याच वयाचे. आजही ते स्वतः खाली उतरून पाऊल दाखवतात. वर्ग सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाची मनगटं गरम करून घेतात, आणि कुणाचं दुखत असेल तर त्याला त्या दिवशी फक्त टॉपरॉक. माझं मनगट नीट आहे, पाठही.

शेवटी सगळे गोल करून उभे राहतात आणि एकेकानं आत जायचं. हे वर्तुळ म्हणजे सायफर. आत कोण कसं नाचतंय यापेक्षा बाहेरचे टाळ्या कशा धरतात यावर मी भाळलेय. नवख्या मुलीचा ताल सुटला तर सगळे मिळून तो तिच्या हाती परत देतात.

बाबा, एक काम आहे. मध्यलयीतला साधा केरवा, मध्ये उठाण-तुकडे न घेता, सलग दहा मिनिटं वाजवून फोनवर रेकॉर्ड करून पाठवाल? आई, मोबाईल तबल्याच्या फार जवळ ठेवू नकोस, डग्ग्याचा आवाज फाटतो. घरी सरावाला मला तोच हवाय.

तुमची,
मनू